विहिरीला तेलाचा वास : चौकशी आपणच केली पाहिजे

कारखान्याच्या पेट्रोल पंपामागे ओढ्याच्या अंगाला ज्या सभासदांच्या विहिरी आहेत, त्यांपैकी एकाने पावसाळा सरल्यावर गट ऑफिसात तोंडी तक्रार केली की, मोटर सुरू केली म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटे पाण्याला रॉकेलसारखा वास मारतो. पाठोपाठ दुसऱ्यानेही तेच सांगितले. तक्रार कागदावर यायच्या आत तिची चर्चा चहाच्या टपरीपासून वजनकाट्यापर्यंत पोचली आणि तिला नेहमीचे फाटे फुटले. कोणी म्हणाले, "त्यो गडी मागच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलचा. त्याला वास येणारच." कोणी म्हणाले, "टाकी गळती म्हणावी तर तेल कमी यायला पाहिजे. हिशेब तर चोख आहे." आणि चार पावसाळे जास्त पाहिलेली मंडळी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोर्डाचे साहेब येऊन पंपाला कुलूप लावतील. हंगाम तोंडावर, ट्रॅक्टरला डिझेल कुठून घालायचं?"

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. टाकी गळते की नाही, हे आज कोणालाही ठाऊक नाही. संचालक मंडळाला नाही, पंपावरच्या कामगाराला नाही, तक्रार करणाऱ्यालाही नाही. ती जमिनीखाली आहे. म्हणूनच चौकशी झाली पाहिजे, ती कारखान्याने स्वतःच्या खर्चाने केली पाहिजे आणि सभासदांच्या डोळ्यांदेखत केली पाहिजे. 'आधी पुरावा आण, मग बघू' असे विहीरवाल्याला सांगणे आम्हाला मान्य नाही. त्याच्याकडे पुरावा म्हणून बादलीभर पाणी आहे. टाकी, पाइप, नोझलचे मीटर, स्टॉक रजिस्टर, टँकरची चलने हे सगळे कुंपणाच्या आत आहे. ज्याच्या हातात किल्ली त्यानेच दार उघडायचे असते.

पहिल्यांदा हिशेबाच्या मुद्द्याचे बघू, कारण त्यावर पुष्कळांचा भरवसा आहे. पंपावर रोज टाकीत काठी घालून डिप घेतात, ती मीटरवरच्या विक्रीशी ताडतात आणि वाढ-घट लिहितात. पद्धत चांगलीच आहे. पण तिच्या मर्यादा आपण समजून घेतल्या पाहिजेत. तेल उष्णतेने फुगते आणि गारव्याने आक्रसते. २० हजार लिटर डिझेलचे तापमान १० अंशांनी उतरले, तर एक थेंबही न सांडता सुमारे १६० लिटरची घट दिसते. आता गळतीचे गणित करा. सेकंदाला एक थेंब, म्हणजे नळाचा वायसर गेल्यावर पडते तेवढी गळती धरली, तर दिवसाला साधारण सव्वाचार लिटर तेल जाते. महिन्याला १३० लिटर. वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. अमेरिकेत जमिनीखालच्या टाक्यांसाठी जो नियम आहे, त्यात महिन्याच्या उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन एवढ्या फरकापर्यंत गळतीचा संशय धरत नाहीत. महिन्याला एक लाख लिटर विकणाऱ्या पंपाला ही सूट जवळजवळ दीड हजार लिटर होते. म्हणजे थेंबाथेंबाने गळणारी टाकी वर्षानुवर्षे गळली तरी वहीत 'चोख'च दिसणार. म्हणून तर तिकडे नुसत्या वहीवर भागवत नाहीत, टाकीची आणि पाइपची घट्टपणाची वेगळी चाचणीही करावी लागते.

तरीसुद्धा वही कामाची आहे. उष्णतेची वाढ-घट कधी इकडे, कधी तिकडे झुलते. गळती रोज एकाच बाजूला ओढते. गेल्या तीन-चार वर्षांच्या रोजच्या वाढ-घटीची बेरीज करीत एक रेघ काढली, तर ती आडवी झुलते आहे की उतरणीला लागली आहे, हे लेखापालाला एका दुपारी कळेल. याला पैसा लागत नाही. हे काम उद्या सकाळी सुरू करता येईल, आणि ते अजून का सुरू झालेले नाही, हे विचारण्याचा सभासदांना हक्क आहे.

हिशेबात तूट दिसूनही तिचा माग न काढल्याने काय होते, याचे एक अलीकडचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवर होनोलुलूजवळ रेड हिल नावाच्या टेकडीच्या पोटात तिथल्या नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनाच्या २० प्रचंड टाक्या बांधल्या. एकेकीत सव्वा कोट गॅलन मावेल एवढ्या. टाक्यांच्या तळापासून शंभरेक फुटांखाली पिण्याच्या पाण्याचा साठा. २०१४ मध्ये एका टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन इंधन गेले, तेव्हाच तिथल्या लोकांनी ओरड केली होती. पुढे मे २०२१ मध्ये तेल एका टाकीतून दुसरीकडे नेताना पाइप फुटला. सांडलेले तेल सोळाशे गॅलनच्या आसपास असल्याचे नौदलाने सांगितले. प्रत्यक्षात सुमारे २० हजार गॅलन, म्हणजे ७५ हजार लिटर, आग विझवण्याच्या व्यवस्थेच्या सांडपाणी नळीत जाऊन बसले होते. साठ्यातली तूट दिसत होती, पण तिचा पाठपुरावा कोणी केला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या नळीला एका गाडीचा धक्का लागला आणि ते सगळे तेल बाहेर पडून पाणीपुरवठ्याच्या विहिरीपर्यंत पोचले. घराघरांतल्या नळांना इंधनाचा वास येऊ लागला, तरी पहिले काही दिवस अधिकारी 'पाणी सुरक्षित आहे' असेच सांगत होते. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार माणसे होती. हजारो कुटुंबांना घर सोडून हॉटेलात राहावे लागले. अखेर मार्च २०२२ मध्ये ते आगारच कायमचे बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

एवढे मोठे आरमार, एवढे शिकलेले इंजिनियर, आणि तक्रार प्रथम केली ती स्वयंपाकघरातल्या बायकामाणसांनी. आपल्याकडे तक्रार मोटर चालू करणाऱ्याने केली. फरक एवढाच की, आपल्या पंपाच्या टाकीत त्यांच्या हजारावा हिस्साही तेल नसेल. पण विहिरीला सव्वा कोट गॅलन लागत नाही.

आता 'मधल्या दोन विहिरी चांगल्या आहेत, मग लांबच्या विहिरीला वास कसा?' हा प्रश्न. वरवर पाहता बिनतोड आहे. आपल्या शिवारात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पाषाण, हे विहीर खोदलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. टाकीतून गळलेले तेल मुरमातून सरळ खाली उतरते. वाटेत मुरमाच्या कणाकणात थोडे थोडे अडकून बसते. पाणी लागले की त्यावर तरंगते, कारण ते पाण्यापेक्षा हलके. त्यातला काही अंश पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. पाणी मुरमात पसरत जाते, पण पाषाणात ते भेगांनी आणि सांध्यांनीच वाहते. आपण विहीर खोदताना बघतोच की, एका अंगाला झरा धो धो लागतो आणि दुसऱ्या अंगाला दगड कोरडाठाक. ज्या सांध्याचे पाणी लांबच्या विहिरीत येते तो टाकीखालून जात असेल, आणि मधल्या विहिरींचे झरे दुसऱ्या बाजूचे असतील. त्यातून ज्याची मोटर रोज आठ तास चालते, तो आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढून घेतो. वास त्याच्याकडे आधी येईल.

पावसाळ्यानंतरच वास का आला, याचेही उत्तर यातच आहे. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरते, तेल तिच्याबरोबर खाली जाते आणि मुरमाला चिकटून राहते. पाऊस झाला की पातळी चढते आणि त्या अडकलेल्या तेलातून पाणी वर येते. म्हणून एकदाच मे महिन्यात नमुना घेऊन 'काही नाही' असा शेरा मारणे म्हणजे कोरड्या ओढ्यात पूर मोजण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे किमान दोनदा बघावे लागेल.

उलट बाजूही आम्ही सांगतो, कारण चौकशी म्हणजे आधी ठरवलेल्या निकालावर शिक्का मारणे नव्हे. विहिरीला तेलाचा वास येण्याची कारणे पंपाखेरीजही असतात. काठावर जुने ऑइल इंजिन असते, त्याचे डिझेल वर्षानुवर्षे सांडलेले असते. ट्रॅक्टर धुतात ती जागा विहिरीलगतच असते. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जी कीटकनाशके आपण फवारतो, त्यांपैकी पुष्कळांत पेट्रोलियमचेच द्रावण असते आणि त्यांचा वास रॉकेलच्या जवळ जातो. पंप धुतलेले पाणी विहिरीजवळ ओतले असेल, तर दोष टाकीचा नाही. तवंगाचेही तसेच. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला म्हणजे तेलच, असे नाही. लोहयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचाही असाच तवंग येतो. काडीने मोडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा जंतूंचा, फिरून एकत्र जुळला तर तेलाचा. हे घरच्या घरी कळण्यासारखे आहे. कोणते तेल आहे, डिझेल की पेट्रोल की औषधाचे द्रावण, हे मात्र प्रयोगशाळेतच कळते. तिथल्या यंत्रावर प्रत्येक तेलाचा आलेख वेगळा उमटतो, अंगठ्याच्या ठशासारखा. टाकीतल्या तेलाचा आणि विहिरीतल्या तेलाचा ठसा शेजारी शेजारी ठेवला की पॅनेलचा प्रश्न उरत नाही.

पण त्यासाठी नमुना नीट घ्यावा लागतो. क्वार्टरच्या बाटलीत किंवा औषधाच्या कॅनमध्ये पाणी भरून तालुक्याला नेऊ नका. त्यात काय सापडेल ते त्या बाटलीचेच असेल. नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून काचेची बाटली मिळते. ती काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न राहता भरायची, लगेच बर्फात ठेवायची आणि वेळेत पोचवायची, कारण जे शोधायचे ते उडून जाणारे आहे. दुसरे असे की, नेहमीच्या पाणी तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढेच बघतात. त्या कागदावर 'पिण्यास योग्य' असे आले, तरी तेलाबद्दल त्याने काहीच सिद्ध होत नाही. पेट्रोलमधल्या बेंझीनची तपासणी वेगळी मागावी लागते. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एक लिटरमध्ये एका ग्रॅमचा लाखावा भाग. एवढे थोडे नाकाला कळत नाही. तेव्हा आज वास गेला म्हणून उद्या हंडा भरावा, असे करू नये.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच मालाबद्दल एक शब्द. देशातल्या पेट्रोलमध्ये २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी शिरले तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि जुन्या लोखंडाला गंज चढवू शकते. शिवाय जमिनीत गळले, तर मातीतले जंतू आधी इथेनॉल खातात. त्यात तिथला प्राणवायू संपतो आणि बेंझीन तसेच राहून आणखी लांब जाते. इथेनॉल विकून पैसे घेणाऱ्यांनी आपल्या टाक्या इतरांपेक्षा जास्त जपल्या पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

मग चौकशी करायची म्हणजे काय करायचे? टाकी आणि पाइप यांची दाबाची चाचणी पहिली. पुष्कळदा टाकी धड असते आणि गळतो तो पाइपचा सांधा, किंवा टँकर खाली करताना रोज थोडे सांडते ते भरणतोंडाशी मुरत राहते. मग पंपाच्या आवारात ठिकठिकाणी ऑगरने भोके घेऊन फुटाफुटावरची माती तपासायची. आणि मग निरीक्षण बोअर. ते किमान तीन पाहिजेत, एका रेषेत नकोत. तिन्हींतली पाण्याची पातळी लेव्हल मशीनने मोजली की पाणी कोणत्या दिशेला वाहते ते कागदावर काढता येते. आपल्या सिव्हिल खात्याकडे ते मशीन आहे आणि चालवणारी माणसेही. बोअरमध्ये पारदर्शक नळी सोडली की पाण्यावर तेलाचा थर आहे का, असल्यास किती बोटे, हे कोणालाही दिसेल. आम्ही म्हणतो, त्या दिवशी तक्रारदार सभासदांना शेजारी उभे करा. मोजमापाच्या वहीवर त्यांची सही घ्या.

हे काम भूजलाच्या जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्याला असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आपणहून लेखी कळवावे. टाकीच्या परवान्याचा विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय स्फोटके खात्याचा, म्हणजे 'पेसो'चा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियमही केले. त्यांत संशयित जागेची आधी प्राथमिक आणि मग सविस्तर पाहणी, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर, अशी रीत घालून दिली आहे. 'टाकी कागदोपत्री तेल कंपनीची, जमीन आपली' असा वाद निघेल, निघू द्या. तो दोन संस्थांनी आपसात नंतर मिटवावा. तोवर विहीरवाल्याने तहानलेले राहू नये.

कारण वाद कोर्टात गेला की काय होते, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछरी गावाने पाहिले आहे. तिथे प्रकार तेलाचा नव्हता, रासायनिक कारखान्यांच्या गाळाचा होता. गावच्या विहिरींचे पाणी काळपट झाले, माणसाच्याच काय, जनावराच्याही कामाचे राहिले नाही. खटला १९८९ मध्ये सुरू झाला. जो घाण करील त्याने भरून द्यावे, हे तत्त्व उचलून धरीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये गावाच्या बाजूने निकाल दिला. तो आजही दाखला म्हणून सांगतात. पण पैसे वसूल होईनात. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम करावा लागला. निकाल लागला, विहिरींचे काय झाले ते विचारू नका. आणि तिथे कारखानदार परका होता. इथे वादी सभासद, प्रतिवादीही सभासदांचीच संस्था. दोन्ही वकिलांची फी अखेर आपल्याच उसाच्या बिलातून जाणार.

खर्चाचे म्हणाल, तर चौकशी फुकट होत नाही, हे खरे. पण गळती असेल आणि ती आजच सापडली, तर थोडी माती उकरून, तेलाचा थर उपसून, टाकी बदलून काम आटोपू शकते. उशीर झाला की तेच तेल ओढ्यापलीकडे जाते. अमेरिकेत १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाल्यापासून साडेपाच लाखांवर गळत्यांची नोंद झाली. त्यांतल्या बहुतेक साफ झाल्या, पण काहींना दशके लागली. आपल्या मळीच्या पाण्याचा रंग तरी लांबून दिसायचा, म्हणून लोकांनी बोंब मारली आणि बंदोबस्त करावा लागला. तेलाला रंग नाही.

आता दोन गोष्टी अशा आहेत की त्यांना चौकशीची वाट पाहणे परवडणार नाही. ज्यांच्या विहिरीला वास आहे त्यांनी हवालदिल होऊन शेजारीच दोन-तीनशे फुटांचे बोअर मारू नये. बोअरवाले तयारच असतात. वरच्या मुरमातले तेल त्या भोकातून थेट खालच्या चांगल्या पाण्यात उतरेल, आणि आज एका विहिरीचे दुखणे आहे ते उद्या सगळ्या वस्तीचे होईल. आणि वास आहे त्या विहिरीत गाळ काढायला किंवा मोटर बघायला कोणीही उतरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती विहिरीच्या तळाशी साचते. एका बिडीने भडका उडू शकतो, आणि बिडी नसली तरी आत गेलेला माणूस गुंगी येऊन पडू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

पाण्याचा टँकर तर आजच सुरू व्हायला हवा. तो मागणाऱ्याच्या उपकारासाठी नको, तक्रार खरी-खोटी ठरेपर्यंतची व्यवस्था म्हणून हवा. आणि तो नुसता विहीरमालकांच्या दारात थांबून चालणार नाही. हंगाम सुरू झाला की ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. ती माणसे जवळ जी विहीर दिसेल तिचे पाणी भरतात, त्यातच भाकरीचे पीठ मळतात, त्यातच पोरांना धुतात. त्यांच्याकडे शेअर नाही, त्यांना सभेत बोलता येत नाही, आणि वास आला तरी ती कोणाला सांगणार? मुकादमाला? यंदा टोळ्या उतरवण्याआधी शेती खात्याने त्या विहिरींवर पाटी लावावी आणि कोप्यांची जागा बदलावी, अशी आमची मागणी आहे.

संचालक मंडळातल्या काहींना या लेखाचा राग येईल. कारखान्याची बदनामी होते म्हणतील. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, चार-सहा महिन्यांनी बाहेरच्या कोणीतरी हा प्रकार उघडकीला आणला, तर बदनामी कमी होईल की जास्त? चौकशी होऊन टाकी निर्दोष निघाली, तर ते छापायला याच अंकात पहिले पान देऊ. दोष निघाला तरी तो अहवाल आकड्यांसह छापला जावा, गट ऑफिसांच्या फळ्यावर लागावा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारू दिले जावेत. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी, सगळे जेवायला उठल्यावर नको.

पंपापासून ओढ्यापर्यंत ज्यांच्या विहिरी किंवा बोअर आहेत, त्या सभासदांनी आपला गट नंबर, विहिरीची खोली, सध्याची पाण्याची पातळी, आणि वास असल्यास तो कोणत्या महिन्यापासून, ही माहिती एका कागदावर लिहून आपल्या चिटबॉयकडे द्यावी. वास नसेल तरी द्यावी. चांगल्या विहिरी कोणत्या, हे कळल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

आणि जुन्या मंडळींना एक विनंती. आजच्या पंपाच्या आधी आवारात एक जुनी टाकी होती असे सांगतात. ती काढली, की वाळू भरून तशीच गाडली, की नुसते झाकण लावून सोडून दिली, आणि नेमकी कुठे होती, याची खूण आज आवारात दिसत नाही. त्या काळी ट्रकवर किंवा पंपावर काम केलेल्या कोणाला जागा आठवत असेल, तर त्यांनी शेती ऑफिसात सकाळी अकराच्या आत येऊन दाखवावी. खुंटी मारून ठेवू.